जपानच्या डोंगरातलं १२ लाखांचं घर

प्रश्न: माझे यजमान यंदा चिंचवडच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. मुलगा काही वर्षं तोक्योत नोकरी करतोय, सूनही तिथेच असते. एप्रिलमध्ये आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. तेव्हा वाकायामा प्रांतातल्या डोंगरात फिरताना शंभरेक वर्षांचं एक कौलारू लाकडी घर दिसलं आणि हे वेडेच झाले. किंमत २० लाख येन, म्हणजे आपले साधारण १२ लाख रुपये. 'पुण्यात एवढ्यात धड पार्किंग मिळत नाही,' असं हे म्हणतात. घर दुमजली आहे, मागे भाताची दोन खाचरं आहेत आणि बारा वर्षं ते बंद आहे. यांचा बेत असा: फंडाच्या पैशातून घर घ्यायचं, स्वतः राबून दुरुस्त करायचं, वर्षातले सहा महिने तिथे राहायचं आणि उरलेले दिवस पाहुण्यांना भाड्याने द्यायचं. मुलालाही पटलंय. मला मात्र भीती वाटते. आमचं संगमेश्वरजवळचं घर चुलत भावंडांच्या वादात बंद पडलंय, त्याची दशा मी पाहते आहे. पण काही बोलले की 'तुला नवीन काही नकोच असतं' हे ऐकून घ्यावं लागतं. यांना अडवू की मुकाट्याने सोबत जाऊ?
— एक वाचक, पुणे

उत्तर:

नमस्कार.

अडवू नका. पण निदान या वर्षी सहीही करू देऊ नका.

'आधी संगमेश्वरचं घर बघा, मग जपानच्या गप्पा मारा' असं तुम्हाला आजवर दहा जणांनी सुनावलं असेल. मी तसं म्हणणार नाही. वादातल्या घराला कौल घालायचा म्हटलं तरी सगळ्या हिस्सेदारांची तोंडं बघावी लागतात, आणि निवृत्त माणसाने आपली उमेद तिथे का जाळावी? शिवाय हातात कसब असलेला माणूस लाकडाच्या घरात रमला, यात मला काही वावगं दिसत नाही. तुमची भीती मात्र अगदी योग्य जागी आहे, आणि ती 'नवीन नको' म्हणून आलेली नाही. बंद घर कसं मरतं हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. यजमानांना आणि मुलाला ते दिसलेलं नाही, कारण त्यांनी ते घर एप्रिलच्या उन्हात पाहिलं.

आधी किंमत. घर स्वस्त आहे ते विकणारा भोळा आहे म्हणून नव्हे. जपानच्या २०२३ च्या गृह-पाहणीत देशभरात सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. तुम्ही पाहिलेला वाकायामा आणि शेजारच्या बेटावरचा तोकुशिमा हे दोन प्रांत यादीत सगळ्यात वर आहेत, दोन्हीकडे २१.२ टक्के. अशा घरांना तिथे 'आकिया' म्हणतात. करासाठी लाकडी घराचं आयुष्य २२ वर्षं धरतात, आणि बाजारही जुन्या घराची किंमत शून्याच्या आसपासच लावतो. म्हणजे २० लाख येन तुम्ही जमिनीचे देताय. घर तुमच्या गळ्यात फुकट पडतंय. पोरं ओसाकाला गेली, आईबाप वारले, घर कुणाच्याच कामाचं राहिलं नाही: ही कहाणी कोकणातल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

कागदांचंही तसंच. जपानमध्ये वारसाची नोंद करणं सक्तीचं झालं ते थेट एप्रिल २०२४ मध्ये. त्यामुळे कित्येक घरं अजून आजोबा-पणजोबांच्या नावावर आहेत आणि नातवंडं चार शहरांत विखुरलेली आहेत. आपल्या सातबाऱ्यासारखा तिथे नोंदणीचा उतारा मिळतो आणि तो थोडं शुल्क भरून कुणालाही काढता येतो. मुलाला सांगा, घराचे आणखी फोटो मागवण्याआधी हा उतारा मागव. त्यावर विकणाऱ्याचंच नाव आहे ना, खाचरांची नोंद काय आहे, सोबत हद्दीचा नकाशा मिळतो का, एवढं पाहिलं की अर्धी अधिक घरं यादीतून आपोआप गळतात.

खाचरं हा वेगळाच घोळ आहे. शेतजमीन विकत घ्यायला गावच्या कृषी समितीची परवानगी लागते आणि तुम्ही ती कसणार आहात हे पटवून द्यावं लागतं. २०२३ पासून किमान क्षेत्राची अट गेली, म्हणून लहान तुकडे घेणं सोपं झालं, पण पुण्यात राहून भात कसा लावणार हा प्रश्न समिती विचारणारच. घरासोबत जंगलाचा तुकडा येत असेल, तर त्याची खबर ९० दिवसांत नगरपालिकेला द्यावी लागते.

आता यजमानांना जी गोष्ट सगळ्यात कडू लागेल ती. जपानमध्ये परदेशी माणसाला घर-जमीन घेता येते, पूर्ण मालकीने घेता येते. पण त्या मालकीने राहण्याचा हक्क मिळत नाही, एका दिवसाचाही नाही. तुम्ही दोघं जाल ते पर्यटक म्हणून किंवा मुलाकडे भेटीला म्हणून, आणि एका खेपेला जास्तीत जास्त ९० दिवस. 'वर्षातले सहा महिने' हे गणित व्हिसाच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर उभं आहे. व्यवसाय थाटून व्हिसा मिळवायची वाट होती, तीही ऑक्टोबर २०२५ पासून अरुंद झाली. भांडवलाची अट ५० लाख येनवरून ३ कोटींवर गेली.

पाहुण्यांना भाड्याने द्यायचं तर २०१८ मध्ये लागू झालेल्या कायद्याप्रमाणे वर्षाला १८० रात्रींची मर्यादा आहे, आणि मालक तिथे राहत नसेल तर नोंदणीकृत व्यवस्थापक नेमावा लागतो. त्याचा मेहनताना, अग्निशमनाची साधनं, स्वच्छता, चादरी-टॉवेल हे सगळं जाऊन त्या डोंगरात हातात काय उरतं, ते मुलाला गावातल्या एखाद्या चालू पाहुणघराचे दर पाहून मांडायला सांगा. मला त्यात फारसा दम दिसत नाही.

घराबद्दल मात्र सविस्तर बोलू, कारण यजमानांचा जीव तिथे आहे, आणि खरं सांगायचं तर माझाही तिथेच रमतो.

या घरांना 'कोमिन्का' म्हणतात. जाड खांब, त्यांच्या आरपार गेलेल्या आडव्या पट्ट्या, वर वाकड्या नैसर्गिक ओंडक्यांच्या तुळया. खिळ्यांपेक्षा सांध्यांवर भिस्त. जुन्या पद्धतीत खांब पायात गाडत नाहीत, नुसते दगडावर ठेवतात. भिंती म्हणजे बांबूच्या जाळीवर दोन्हीकडून थापलेली भाताच्या पेंढ्याची माती. दारातून आत शिरलं की मातीच्या जमिनीची जागा, मग पायरीभर उंचावर चटयांच्या खोल्या. खोल्यांमध्ये भिंती नाहीत, कागदी सरकती दारं. अंगणाच्या बाजूने लाकडी ओसरी. हे घर आपल्या पडवी-माजघराच्या घराचं दूरचं भावंड आहे, आणि त्याचा आजारही तोच: ओल.

वाकायामा ज्यावर आहे तो कीई द्वीपकल्प हा जपानातल्या सर्वांत जास्त पावसाच्या भागांपैकी एक आहे. पलीकडच्या उतारावरच्या ओवासे गावात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे कोकणच म्हणा ना. अशा हवेत ही घरं टिकली, कारण माणसं रोज दारं उघडत, चूल पेटवत, धूर वाशांपर्यंत जाई, जमिनीखालून वारा खेळे. बारा वर्षं दारं मिटली की चटया कुजतात, चटईखालची फळी मऊ पडते, एक कौल सरकलं की पाणी थेंब थेंब तुळईच्या सांध्यात मुरतं, आणि खालून वाळवी चढते. बाहेरून हे काहीच दिसत नाही. शिवाय १९६०-७० च्या दशकांत बऱ्याच घरांना आतून प्लायवुड आणि खोटं छत ठोकलेलं असतं. त्यामागे सोन्यासारखी तुळई निघते किंवा भुसा निघतो.

म्हणून बघायला जायचं ते जूनमध्ये, तिथल्या पावसाळ्यात. सोबत जुन्या घरांचं काम करणारा सुतार हवा. शहरातला नूतनीकरणवाला कंत्राटदार इथे चालायचा नाही, तो भिंत पाडून जिप्समचा बोर्ड लावतो. सुताराला खोल्यांच्या जमिनीखालच्या पोकळीत शिरू द्या आणि माळ्यावर चढू द्या. खांबांचे बुंधे टोकरून बघायचे. सरकतं दार कुठे अडकतं ते बघायचं, कारण दार अडकलं म्हणजे चौकट तिरकी झाली. आढ्याची रेघ लांबून बघायची, मध्ये झोळ पडलाय का. बुंधा कुजला म्हणजे खांब गेला असं नाही, ही चांगली बातमी. कुजलेला भाग कापून तेवढ्यालाच नव्या लाकडाचा सांधा जोडतात, आणि पूर्ण घर जॅकवर उचलून खालचे दगड नीट करण्याचीही जुनी विद्या आहे. पण ते हात महाग आहेत आणि थोडे उरलेत. यजमान कितीही कसबी असोत, हे काम बघत बघत शिकण्यासारखं आहे, एकट्याने करण्यासारखं नाही. त्यांनी खोल्या उकराव्यात, लाकूड घासावं, माती मळावी, भिंत थापावी. त्यात महिने सहज जातात आणि समाधानही मोठं असतं.

भूकंपाचं काय? जून १९८१ मध्ये जपानने बांधकामाचे भूकंप-नियम कडक केले. तुमचं घर त्याच्या कितीतरी आधीचं आहे. १ जानेवारी २०२४ च्या नोतोच्या भूकंपात ढासळलेल्या घरांत जुन्या लाकडी घरांचा भरणा मोठा होता. वाकायामासमोरच्या समुद्रात नानकाई नावाची भेग आहे, आणि तिथे मोठा भूकंप येणार हे धरूनच सरकार तयारी करतंय. डोंगरात त्सुनामी पोचणार नाही, पण दरड पोचेल. सप्टेंबर २०११ च्या वादळी पावसात याच द्वीपकल्पात डोंगर खाली आले होते. धोक्याचे नकाशे नगरपालिका देते, त्यावर घराची जागा लाल-पिवळ्या पट्ट्यात असेल तर पुढे बोलूच नका. भूकंपाचा विमा तिथे सुटा मिळत नाही. तो आगीच्या विम्याला जोडून घ्यावा लागतो आणि त्याच्या निम्म्याच रकमेपर्यंत मिळतो.

एप्रिल २०२५ पासून आणखी एक अट आली आहे, आणि तिच्यामुळे तुमचं घर दुमजली असणं महागात पडू शकतं. दुमजली लाकडी घराच्या छप्पर, खांब, तुळया यांपैकी कुठल्याही मुख्य भागाची निम्म्याहून जास्त दुरुस्ती करायची तर आधी इमारत-मंजुरी लागते. म्हणजे आर्किटेक्ट, नकाशे, हिशेब. २०० चौरस मीटरपर्यंतच्या एकमजली घराला ही कटकट नाही. यजमानांचा हट्ट कोमिन्काचाच असेल, तर एकमजली शोधा. वाकायामात पर्यायांचा दुष्काळ नाही.

खर्चाचं सांगते. दलालीचा नियम जुलै २०२४ पासून बदललाय. ८० लाख येनपर्यंतच्या घराला करासह ३ लाख ३० हजार येनपर्यंत दलाली घेता येते. त्यावर नोंदणीचं शुल्क, ते काम करणाऱ्या कायदेशीर लेखनिकाची फी, काही महिन्यांनी येणारा मालमत्ता-संपादन कर. घरात मागच्यांचं सामान जसंच्या तसं असतं: भांडी, गाद्या, कपडे, बऱ्याचदा पूर्वजांचं देवघरसुद्धा. ते उपसायलाच मोठी रक्कम जाते. (देवघराचं काय करायचं हे विक्रेत्याकडून करारात लिहून घ्या. भंगारवाला ते उचलायला का-कू करतो.) संडास खड्ड्याचा असेल तर सांडपाण्याची टाकी बसवावी लागेल. मग छप्पर, वीज, नळ. पूर्ण दुरुस्ती १ कोटी येनच्या वर जाणं अगदी नेहमीचं आहे. म्हणजे १२ लाखांचं घर ७०-७५ लाखांना पडतं, आणि विकायला काढलं तर पुन्हा १२ लाखांचंच राहतं. त्यालाही गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. २०२३ पासून नकोशी जमीन सरकारला परत देण्याची सोय झाली आहे खरी, पण ती वारशाने आलेल्या जमिनीसाठी, तीही वर घर उभं नसेल तर. विकत घेतलेली जमीन सरकार घेत नाही. तुमच्या पश्चात ती मुलाच्या गळ्यात असेल.

इथून पैसे पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा आहे, तिथे अडचण नाही. पण वर्षात १० लाख रुपयांच्या वर जेवढी रक्कम जाईल, तिच्यावर बँक २० टक्के कर आगाऊ कापते. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो, तोवर पैसे अडकून राहतात. परदेशातलं घर दरवर्षी विवरणपत्राच्या परकीय मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावंच लागतं. विसरलं तर दंड १० लाख रुपये आहे, आणि लहान रकमांना मिळालेली सूट घर-जमिनीला लागू नाही. मुलाच्या नावाने घेणं कागदोपत्री सोपं, कारण त्याच्याकडे तिथला पत्ता आणि सहीऐवजी चालणाऱ्या शिक्क्याचा दाखला दोन्ही असतात. पण तुम्ही त्याला पैसे दिलेत तर जपानचा भेट-कर लागतो का, हे त्याच्या व्हिसाच्या प्रकारावर ठरतं. ते तिथल्या कर सल्लागाराला आधी विचारायचं, नंतर नव्हे.

गाव हा शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते निर्णायक. त्या डोंगरातल्या वस्तीत दहा-पंधरा घरं असतील, बहुतेक सत्तरीपुढची माणसं. गवत कापायचा दिवस ठरलेला, पाट साफ करायचा दिवस ठरलेला, कचरा कुठल्या वारी कुठल्या पिशवीत हे ठरलेलं. सूचनांची पाटी घरोघर फिरते, ती पुढच्याकडे पोचवायची असते. नगरपालिकेच्या 'आकिया बँके'तून, म्हणजे रिकाम्या घरांच्या यादीतून, घर घेताना बऱ्याच ठिकाणी 'इथे राहायला येणार' हीच अट असते, आणि दुरुस्तीचं अनुदानही राहणाऱ्यालाच मिळतं. वर्षातून दोनदा येणारा परदेशी मालक त्यांच्यासाठी आणखी एक बंद घरच असतो. आणि दुर्लक्षित म्हणून घराची नोंद होऊन नगरपालिकेने ताकीद दिली, तर जमिनीच्या करातली सवलतही जाते. निईगाता प्रांतातल्या ताकेदोकोरो या ओस पडत चाललेल्या वाडीत कार्ल बेंग्स या जर्मन वास्तुविशारदाने १९९० च्या दशकात एक मोडकं घर घेतलं, नीट केलं आणि मग एकेक करत आजूबाजूची घरंही उभी केली. यजमानांनी त्याचे व्हिडिओ नक्की पाहिले असतील. त्यांना एवढंच विचारा: तो माणूस तिथे राहायला गेला होता ना?

तेव्हा माझा सल्ला. तिथे कायम कुणीतरी राहणार असेल तर घर घ्या, नसेल तर घेऊ नका. हे ठरवायला एक वर्ष द्या. त्या भागातल्या कित्येक नगरपालिकांकडे स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी महिना-दोन महिने राहून बघायची घरं असतात. मुलाने तशा एखाद्या घरासाठी अर्ज करावा आणि तुम्ही दोघं पावसात जाऊन त्याच्यासोबत राहावं. नाहीतर एखादं दुरुस्त केलेलं कोमिन्का भाड्याने घ्यावं. यजमानांना गावातल्या सुताराच्या हाताखाली बसून बघता येईल, तुम्हाला तुमची भीती खरी की खोटी ते कळेल. या काळात ते २० लाखांचं घर विकलं गेलं तर जाऊ दे. बारा वर्षं कुणी घेतलं नाही, ते वर्षभरात जाईल याची मला काळजी वाटत नाही.

नाराजी टाळायची तर यजमानांना 'नको' म्हणू नका, कामाला लावा. उतारा, धोक्याचा नकाशा, सुताराचं अंदाजपत्रक आणि कर सल्लागाराचं लेखी उत्तर, ही चार कागदं टेबलावर आली की मी सही करते, असं सांगा. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला ही भाषा कळते. फंडातली किती रक्कम कुठल्याही परिस्थितीत हलवायची नाही, तो आकडाही त्याच दिवशी दोघांनी लिहून ठेवा. दवाखान्याचा खर्च त्यात धरा.

एक गोष्ट राहिली. तुमच्या पत्रात यजमान काय म्हणतात ते आहे, मुलगा काय म्हणतो ते आहे, तुम्हाला काय वाटतं तेही आहे. सुनेबद्दल मात्र 'तिथेच असते' एवढंच. तोक्योहून त्या डोंगरात पोचायला सगळा दिवस जातो. सुट्टीच्या दिवशी दारं उघडायला, चटया वाळवायला आणि गवत-कापणीच्या दिवशी शेजाऱ्यांसमोर उभं राहायला मुलाच्या बरोबरीने तिलाच जावं लागणार आहे, आणि दहा-वीस वर्षांनी ते घर विकायचं की पाडायचं हेही त्या दोघांनाच ठरवावं लागेल. तिला फोन करा. मुलगा शेजारी नसताना करा, आणि ती जे म्हणेल ते वरच्या चार कागदांच्याही आधी ऐका.